झाकल्या बुडख्याची कहाणी

ऐका वनदेवी, तुमची कहाणी. आटपाट डोंगर होता, डोंगराच्या पायथ्याला गाव होतं. गावात कुशाबा आणि त्याची बायको ठकू राहत. त्यांच्या बांधावर साग होता, दोघांच्या कवेत मावेना एवढा.

त्या मुलखात नेम होता. झाड आपल्या बांधावरचं असलं तरी आधी झाडाला विचारावं, मग राजाला विचारावं. झाडाला कसं विचारावं? बुंध्याला हळदकुंकू वाहावं, कुऱ्हाड टेकवून ठेवावी, म्हणावं, "बाई, तुझ्या अंगावर कुणी बिऱ्हाड केलं असेल त्याला उठू दे." राजाला कसं विचारावं? चावडीवर सांगावं. राजाचा राखणदार येतो, बुंध्यावर घणानं शिक्का मारतो. मग तोडावं, मग विकावं. बिनशिक्क्याचं लाकूड गाडीत चढलं की ते चोरीचं.

एके दिवशी वखारवाला दारी आला. ठकूला म्हणाला, "वहिनी, नाक कसं ओकंबोकं दिसतंय! साग द्या, टपोऱ्या मोत्यांची नथ देतो." कुशाबा म्हणाला, "अन् शिक्का?" ठकू फणकारली, "शिक्का येईस्तोवर म्हातारी होईन. मग नथ काय सरणावर घालू?"

गाव जत्रेला गेलं, तसा भर दुपारी साग पाडला. झाडाला विचारलं नाही, राजाला विचारलं नाही. ढोलीत पोपटाची पिल्लं होती, ती चेंगरली. लाकूड वखारीत गेलं, नथ घरात आली. मागं उरला बुडखा. ठकूनं त्यावर शेण थापलं, पाला लोटला, म्हणाली, झालं.

झालं कसलं? श्रावणाची झड लागली, बुडख्याला धुमारा फुटला. ठकूनं तो खुडला, चुरगळून ओढ्यात टाकला. सागाचं कोवळं पान ते, चुरलं की रक्तासारखं लाल. तळवे लाल झाले. राखेनं घासले, निघेनात. शेजारीण म्हणाली, "ठके, मेंदी काढलीस का गं?" "काढली हो."

मग दुसरा धुमारा फुटला. तोही खुडला. देवळात गेली तर गुरवीण म्हणाली, "हात पुढं कर, खोबरं घे." "नको, उपास आहे." "अगं, उपासाला खोबरं चालतं की!" पण ठकूनं मूठ उघडली नाही.

मग तिसरा फुटला. तो खुडून घाईनं भाकरी थापली, तर भाकरीवर लाल बोटं उमटली. कुशाबानं ताट सारलं. म्हणाला, "मला पिल्लं दिसतात." उपाशीच उठला.

नथ तांदळाच्या मडक्यात पडून. घालावी तर लोक विचारतील, कुठून आली? कुत्रं भुंकलं की ठकूची छाती धडधडे. कडी वाजली की घास घशात अडके.

मग राखणदार आला. पावसानं शेण धुपलं होतं, बुडखा उघडा पडला होता. बांधापलीकडं सटवाजीचं शेत. सटवाजीच्या घराचं आढं मोडलेलं. एका लाकडासाठी शिक्का मागत तो चावडीच्या पायऱ्या झिजवत होता. राखणदार म्हणाला, "लाकूड मागत कोण होता? हा. मग तोडलं कुणी? ह्यानंच." धरला, बांधला, चावडीवर नेला.

सटवाजीची बायको रेवा ऊर बडवीत ठकूच्या दारी आली. "ठकूबाई, तुमचा बांध. तुम्ही पाहिलं असेल. माझा धनी सोडवा हो!" ठकूनं हात पदराखाली घेतले. "मी जत्रेला गेले होते," म्हणाली. रेवा गेली, आणि ठकूला घरात राहवेना.

ओढ्यावर गेली, दगडानं हात घासू लागली. तिथं एक म्हातारी आली, डोईवर वाळल्या काटक्यांची मोळी. म्हणाली, "लेकी, कातडं निघेल, रंग निघायचा नाही."

"मग काय करू, आजी?"

"वसा घे. पुढचा धुमारा खुडू नको. लाल हात झाकू नको. झाडाला न विचारता, राजाला न विचारता फांदी तोडू नको, चोरून कुणाला विकू नको. श्रावणातल्या दर बुधवारी बुडख्याला पाणी घाल. उतू नको, मातू नको."

"अन् राजानं सुळावर दिलं तर?"

"आत्ता कशावर बसली आहेस गं तू?" म्हातारी म्हणाली. वळली, झाडीत शिरली, दिसेनाशी झाली.

ठकूनं नथ घेतली, चावडीवर गेली. तिथं राजा निवाड्याला बसला होता. राजापुढं दोन्ही तळवे धरले. "महाराज, सटवाजीचे हात बघा, माझे बघा, बुडख्याचे धुमारे खुडून लाल झालेत. साग मी पाडवला. ह्या नथीपायी." मागून कुशाबा आला. "कुऱ्हाड माझी होती," म्हणाला.

राजानं सटवाजीचे दोर सोडवले. नथ जमा केली, वखारीला कुलूप घातलं. राखणदाराला म्हणाला, "जो विचारायला येतो त्यालाच चोर म्हणून धरलंस, तर उद्या विचारायला कोण येईल? आजच्या आज त्याला शिक्का दे." मग ठकूला म्हणाला, "आता फुटेल तो धुमारा वाढव. तो वाळला, तर तुम्ही दोघं तुरुंगात."

ठकूनं काट्याचं कुंपण केलं. बुधवारी पाणी घातलं, भर पावसातसुद्धा घातलं. पान पिवळं पडलं की तिचा जीव टांगणीला लागे. धुमाऱ्याची काठी झाली, काठीचं झाड झालं, झाडावर पोपट आले. ठकू म्हातारी झाली. नाक ओकंबोकंच राहिलं. पण कुत्रं भुंकलं, कडी वाजली, की आतूनच म्हणे, "कोण आहे? या, बसा."

जशी वनदेवीनं ठकूच्या छातीतली धडधड काढली, तशी तुमची आमची काढो. साठा फांद्यांची ही कहाणी, पाचा पानांत सुफळ संपूर्ण.