बाटलीभर पेट्रोल

“...मग तुमीच सांगा, वस्ताद. आतलं इंजिन माझं बसलं तर गाडी माझी झाली, का आबांचीच ऱ्हायली?”

हुसेन वस्ताद शुक्रवारची नमाज पढून आत्ताच आलते. टोपी काढून घडी घालत हुते.



विचारणारा इंद्रजित चौगुले. वस्तादांच्याच हाताखाली शिकलेला. उद्यमनगरात आपल्यासारखी गाडी आडवी पळवणारा दुसरा न्हाई, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणाचं ते म्हणणं माझ्या कानावर तरी आलं न्हाई, आन् माझा चहाचा गाडा वस्तादांच्या गॅरेजच्या दारातच असतोय.

आडवी म्हंजे काय, ते ऐका. चांगली सरळ चाललेली गाडी वळणावर मुद्दाम घसरवायची. तोंड एकीकडं, बूड एकीकडं, आन् मधी टायरचा धूर. ही पोरं त्याला ड्रिफ्टिंग म्हणत्यात. आमच्या वक्ताला सून अशी चालली असती तर सासूनं माहेरी धाडली असती. ह्यास्नी कप देत्यात.

आन् गाडी कंची, तर काँटेसा. पांढरी, चार दारांची, लांबलचक. डिकीत शेळी करडासकट बसंल. ती त्याच्या बापाची, आबांची, म्हंजे आनंदराव चौगुल्यांची. इंद्रजित दवाखान्यातनं घरी आला तो तिच्यातनंच, टोपडं घालून. तिला वस्तादांबिगर कवा दुसऱ्या मिस्त्रीचा हात लागला न्हाई. आनंदराव दार लावायचे तेबी असं हळू, की आत कोण झोपलंय वाटावं.

आनंदराव श्रावणात गेले.

आता दसरा जवळ आलेला. दसरा झाला की माळावर ह्या पोरांचा मोठा खेळ हुता. इंद्रजितनं कुठनं तरी एका जपानी गाडीचं इंजिन आणलं हुतं. गोणपाटात गुंडाळून, दोन जुन्या टायरांवर ठेवलेलं. ते काँटेसात बसवायचं, आन् जुनं काढून टाकायचं. “टाकायचं” असंच म्हणायचा.

वस्ताद नमाजला गेल्यालं बघून त्यानं काय केलं, तर गाडी अंगणात ढकलत आणली, बॉनेट उघडलं, आन् इंजिन वर उचलायच्या चेनकप्पीचा आकडा जुन्या इंजिनाला अडकवून ठेवला. वस्ताद आले की वढायचंच बाकी.

वस्तादांनी टोपी खिशात घातली. गाडीजवळ गेले. आकडा काढला, आन् साखळी वर सरकवून ठेवली.

“थंड हाय,” म्हणले.

एवढं ऐकून इंद्रजितचं तोंड पडलं. कारण ते काय हाय, हे त्याला पाठ हुतं.

वस्तादांची एक रीत हुती. थंड इंजिन त्यांच्या कप्पीला लागायचं न्हाई. काढायच्या आधी ते सुरू करायचं, चांगलं तापू द्यायचं, म्हंजे आतलं ऑइल पातळ हून सगळं निघतंय. हे झालं कामाचं. पण तापल्यावर बंद करायचं ते मालकानं. स्वताच्या हातानं. मिस्त्रीनं न्हाई, पोरासोरानं न्हाई. लोक हसायचे. पण एक टेंपोवाला गडी, ही एवढी मिशी, चावी फिरवून झाल्यावर चाकाला टेकून बसला हुता. त्याला मी चहा दिला तर म्हणला, साखर जास्त घाल.

इंद्रजितला बी मी चहा दिला त्या दिवशी. आता खोटं कशाला सांगा, साखरंच्या जागी मीठ घातलं. लई ताठलेलं पोरगं असलं की मी असं करते. पयल्या घोटाला तोंड वाकडं हुतंय, मला चार शिव्या बसत्यात, आन् गडी जरा माणसात येतोय.

हे पोरगं कप तळापातूर प्यालं. वर म्हणलं, बरा झालाय, आक्का.

तवा माझं हसणं तितंच ऱ्हायलं.

वस्तादांनी ते बघितलं. माझ्याकडं बी बघितलं. मी फडकं घेऊन उगंच गाडा पुसला.

मग इंद्रजितचं सुरू झालं. म्हणाला, बॅटरी उतरलीया. टाकीतलं पेट्रोल शिळं झालंय, श्रावणापासनं गाडी उभीच हाय. थंड ऑइलबी निघतंय, जरा येळ लागतोय एवढंच. आन् तुमची रीत तुमच्या येळची, आता जग कुठं गेलंय. बोलत ऱ्हायला.

वस्ताद आत गेले. येताना बॅटरी खांद्यावर घेऊन आले. म्हातारा माणूस, पण वाकला न्हाई. बॅटरी जोडली. मग बूड कापलेली एक प्लास्टिकची बाटली आणली, तिच्या तोंडाला नळी. बाटली बॉनेटच्या दांडीला तारंनं उलटी टांगली, नळी इंजिनाला लावली, आन् कॅनमधनं ताजं पेट्रोल वतलं. टाकी खराब असली की मिस्त्री लोक असंच करत्यात. लांबनं बघणाऱ्याला वाटावं, गाडीला सलाईन लावलंय.

“बस,” म्हणले. “चावी फिरव.”

इंद्रजित बसला न्हाई.

दाराजवळ गेला. कडीला हात लावला. काढून घेतला.



मग त्यानं सांगितलं. आमच्याकडं बघून न्हाई, त्या बाटलीकडं बघून.

आनंदराव गेले ते ह्याच गाडीत. चौकात लाल दिवा लागला म्हणून थांबले. गिअर काढला, हँडब्रेक वढला, सगळं नीट केलं, आन् गेले. दिवा हिरवा झाला. मागच्यांनी भोंगे वाजवले. एकानं म्हणं शिवीबी दिली. मग कुणीतरी काचंतनं बघितलं. इंद्रजित गल्लीतच हुता, पळत आला. लोकांनी आबास्नी मागल्या सीटवर निजवलं हुतं. डॉक्टर आलता, त्यानं मान हलवलेली.

आन् गाडी चालूच. आबा चालवत असताना असायची तशीच. गुमान, एका सुरात.

कोणतरी म्हणलं, आरं, ती बंद कर की.

“मी चावी फिरवली,” इंद्रजित म्हणाला. “लोक म्हणत्यात आबा सिग्नलला गेले. न्हाई, वस्ताद. आवाज हुता तवर आबा हुते. मी चावी फिरवली तवा गेले.”

 शेजारच्या लेथवर कोणतरी लोखंड कातरत हुतं, तेवढाच आवाज.

“आता परत तेच करायला सांगताय,” म्हणाला.

मला वाटलं, आता वस्ताद रीत सोडत्यात. इतकी वर्सं बघितलंय, माणूस कडक, पण दगड न्हाई. म्हणतील, ऱ्हाऊ दे, वढ साखळी.

वस्ताद दार उघडून आत बसले. चावी फिरवली.

एकदा घरघर झाली. दुसऱ्यांदा बी. तिसऱ्यांदा इंजिनानं खाकरल्यावानी केलं, मागनं काळा धूर सोडला, आन् धरलं.

तोच आवाज. गुमान, एका सुरात.

इंद्रजितनं पाठ फिरवली.

आता ह्या जुन्या गाड्यांचं एक असतंय. चावी घालून काढून आतलं कुलूप इतकं झिजतंय, की गाडी चालू असताना बी चावी हातात येती. वस्तादांनी तसंच केलं. चालू गाडीतनं चावी काढली. खाली उतरले. इंद्रजितला दाखवली, आन् टोपी ठेवलेल्या खिशात टाकली.

गाडी चालूच.

इंद्रजितला काय कळंना. म्हणाला, “मग बंद कोण करणार?”

“कोण न्हाई.”

“आन् मालकानं करायची ती रीत?”

 वस्तादांनी एक टायर लोळवत आणलं, त्याच्यावर बसले. दुसरं टायर पायानं इंद्रजितकडं सरकवलं.

बसला मग तो बी.

दोघं बसून ऱ्हायले. ऊन भिंतीवर चढत हुतं. बाटलीतलं पेट्रोल खाली चाललेलं, दिसायचं न्हाई पण चाललेलं.

जरा येळानं इंद्रजित आपणहून बोलाय लागला. म्हणाला, आबास्नी हा आडव्या गाडीचा खेळ पसंत नव्हता. कवा इचारलं न्हाई, कवा अडवलं बी न्हाई. पण एक डाव माळावर पोरं खेळत असताना लांब बाभळीखाली ही गाडी उभी दिसली. आबा आत बसून बघत हुते. खाली उतरले न्हाईत. रात्री जेवताना एवढंच म्हणले, माझ्या शर्टाला टायरचा वास मारतोय, तुझ्या आईला सांगू नगं.

हे सांगताना हसला. लई दिसांनी हसला असंल, कारण हसू त्याला नीट जमलं न्हाई.

“मीच वास काढला,” म्हणाला. “आईच्या आधी उठून. धुतला तो शर्ट.”

वस्तादांनी मान हलवली.

मग इंद्रजितचं ध्यान बाटलीकडं गेलं. तळाला थोडं ऱ्हायलं हुतं. तो उठला. कॅन घेतला आन् वरनं वतलं, काठोकाठ.

वस्तादांनी आडवलं न्हाई. एवढंच म्हणले, जरा सरकून बस, धूर तोंडावर येतोय.

परत बसले.

मी गिऱ्हाइकं करत हुते, पण कान तितंच. असा आवाज असतोय, की आधी ऐकू येतोय, मग येईना हुतोय. हाय, पण आपल्याला त्याचं काय न्हाई. घरात कोण असावं तसा. इंद्रजितची मान खाली गेली हुती. डोळं मिटलेलं का काय, हितनं कळंना.

पेट्रोल परत तळाला आलं.

तो उठला. कॅन उचलला. हलवून बघितला. आवाजावरनं मला कळलं, आत अजून हुतं. बाटली भरंल एवढं तरी हुतं.

बॉनेटाजवळ गेला. कॅन बाटलीच्या वर धरला.

वस्ताद टायरवर बसूनच. बघत बी नव्हते त्याच्याकडं. स्वताच्या तळहातातला काळा निबर डाग नखानं खरवडत हुते.

इंद्रजित तसाच हुबा. कॅन तिरका केलेला न्हाई, सरळ बी केलेला न्हाई. 

बाटलीत एक बोटभर.

मग नुसता वलावा.

त्यानं कॅन खाली ठेवला. झाकण लावलं. फिरवून फिरवून लावलं, बसल्यावर बी फिरवत ऱ्हायला.

इंजिनाचा सूर जरा उतरला. एक गुचकी दिली. परत सावरलं, जसं काय झालंच न्हाई. मग दुसरी गुचकी, आन् सगळी गाडी अंगभर हलली...

आन् थांबली.

लेथवाला बी नेमका कुठं गेलता कुणास ठाऊक. अंगणात कसलाच आवाज न्हाई. चावी वस्तादांच्या खिशात.

इंद्रजितचं तोंड बॉनेटाआड हुतं. बघावं असं मला बी वाटलं न्हाई. गाड्यावरचं आधण उकळून निम्मं झालं, तरी मी चहापूड घातली न्हाई.

वस्ताद उठले. साखळी खाली सोडली. पान्यांच्या डब्यातनं एक पाना काढून इंद्रजितच्या बाजूला ठेवला.

त्यानं बाहीनं नाक पुसलं. पाना घेतला. आन् दुसरा हात इंजिनाकडं नेला.

“गरम हाय अजून,” वस्ताद म्हणले. “हात जपून लाव.”