रोज सकाळचं अभिनंदन

"म्हणजे हे सगळं दगडूनं केलं, असं म्हणतोस?" उद्धवबुवांनी विचारलं.

"मी कशाला म्हणू? फोनच म्हणतोय," रेवण म्हणाला. "सोमवारी भरलेला बॅलन्स गुरुवारी सफाचट. महिन्यात तिसऱ्यांदा. आज डोळ्यांच्या दवाखान्याला नऊच्या आत कळवायचं होतं. फोन लावायला गेलो, तर लागेचना. गेली तुमच्या ऑपरेशनची तारीख."

"जाऊ दे. मोतीबिंदू काही पळून जात नाही."

बुवांचं हे असलं बोलणं रेवणला मुळीच आवडत नसे. माणसानं रागवावं की नाही? आणि ज्याच्यावर रागवायचं तो तर समोरच बसला होता, खांबाला टेकून, शेंगा सोलत.

शिवरवाडीच्या टेकडीवरचा हा मठ तीन माणसांचा. डोळ्यांवर पडदा आलेले बुवा, सहा वर्षं त्यांच्या सेवेत असलेला रेवण, आणि ट्रॅक्टर चालवायचं सोडून अकरा महिन्यांपूर्वी आलेला दगडू. रेवणला अख्खी पोथी पाठ. गळा असा गोड, की तो वाचायला लागला म्हणजे खालच्या वस्तीतल्या बायका हातातलं भांडं तसंच धरून ऐकत. दगडू एका ओळीत चारदा अडखळे. तरी रोज संध्याकाळी बुवांचं आपलं एकच, "दगडू, आज तू वाच." वर तो अडला की मान डोलवायचे!

रेवणच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला, आग पडायची आग.

पुढच्या महिन्यात नऊ दिवसांचं पारायण होतं. बुवांना आता अक्षर दिसत नव्हतं, तेव्हा त्यांच्या पाटावर बसून वाचायला दुसरं कुणी हवं होतं. कोण, ते बुवा काही बोलत नव्हते. रेवणला उठता-बसता तो पाट दिसायचा, आणि पाटावर मांडी घालून बसलेला दगडू दिसायचा.

"फोन दगडू कशाला हातात घेईल?" बुवांनी विचारलं.

"रविवारी बहिणीला लावतो ना. तेवढ्यात काहीतरी दाबलं असणार. फुकटचा गेम दिसला की ह्या लोकांना राहवत नाही. नंबर टाकायचा, कोड टाकायचा, झालं. मग रोज एक मेसेज येतो आणि रोज पैसे कापले जातात."

"पुष्कळ माहिती आहे तुला."

रेवणनं फोनची काच सदऱ्याला पुसली.

"बरं, वाच बघू. काय लिहिलंय त्या मेसेजात?"

रेवणनं फोन डोळ्यांपुढे धरला. घसा साफ केला.

"अभिनंदन…" तो वाचू लागला, "आज तुम्ही राज्यात पहिले."

अभिनंदनानंतर एक नाव होतं. ते त्यानं गिळलं.

आता ते नाव कुणाचं, हे सांगायला हवं का? वीस दिवसांपूर्वी बुवा दुपारी पडले होते, दगडू विहिरीवर गेला होता. मठाच्या फोनवर एक जाहिरात चमकली. 'अभंगातली गाळलेली ओळ ओळखा. संपूर्ण मोफत.' रेवणला हसूच आलं. हे म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला डबक्यात उतर म्हणण्यासारखं. त्यानं नाव टाकलं, नंबर टाकला, आलेला कोड टाकला. खाली बारीक करड्या अक्षरांत रोजच्या शुल्काची ओळ होती. पोथीच्या कडेची मुंगीएवढी टीपसुद्धा न सोडणारा हा माणूस, ती ओळ त्यानं वाचलीच नाही. दुसऱ्या दिवशी पैसे कापले गेले तेव्हा वाचली.

"राज्यात पहिला?" बुवा एकदम ताठ बसले. "आपला दगडू?"

"म्हणजे… तसं आलंय."

"किती दिवस?"

"रोजच. वीस दिवस झाले."

"वीस दिवस रोज पहिला! अरे गुलामा दगडू, एवढा पहिला आलास आणि तोंडातून शब्द नाही? ये, ये इकडे."

बुवांचा चेहरा असा फुलला, की तसा रेवणनं सहा वर्षांत कधी पाहिला नव्हता. दगडू शेंगांचं सूप बाजूला ठेवून उठला. बुवांनी चाचपडत त्याचं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

रेवणच्या अंगाचा तिळपापड झाला. ओळी ओळखल्या कुणी? आणि हात कुणाच्या डोक्यावर?

दगडूला बिचाऱ्याला काही उमगेना. तो एकदा फोनकडे बघे, एकदा रेवणकडे.

"मला गेमातलं काय कळत नाही, बुवा," तो शेवटी म्हणाला. "पण फोन हातात घेतो हे खरं. लागलं असंल माझंच बोट. तुमची तारीख चुकली माझ्यापायी. चूक झाली."

एवढं बोलून तो सरळ दाराकडे निघाला.

त्या मठाची एक रीत होती. चूक कबूल करणाऱ्याला कुणी दुसरा प्रश्न विचारायचा नाही. त्यानं दिवसभर दाराशी बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला नीट लावायच्या. आणि जेवायच्या वेळी त्याच्या पानात बुवा स्वतःच्या हातानं वाढत. आधी त्याला, मग इतरांना. डोळे अधू झाल्यावरही त्यांनी ही रीत सोडली नव्हती. आमटी निम्मी ताटाबाहेर सांडायची, पण वाढायचे तेच.

दगडू चपलांपाशी जाऊन बसलासुद्धा.

रेवण बघत राहिला. ज्ञानात पहिला दगडू. चुकीतही पहिला दगडू. आता बुवांच्या हातची आमटीही पहिली त्यालाच!

"ऊठ!" रेवण ओरडला. "ऊठ तिथून! तुझी नाही ती चूक, माझी आहे! गेम माझा आहे! तुला एक ओळ तरी आली असती का रे? राज्यात पहिला मी आलोय, मी! नाव आहे माझं त्यात, 'अभिनंदन रेवण' लिहिलंय ढळढळीत!"



आपण काय बोलून बसलो, हे रेवणला जरा उशिरानं कळलं. तो मटकन खाली बसला.

दगडू चप्पल हातात धरून तसाच थांबला होता. रीत अशी, की आता कुणी काही विचारायचं नाही. पण बुवांनी त्या दिवशी रीत मोडली.

"ते बंद करता येतं?"

"येतं."

"कसं?"

"त्याच नंबरावर 'स्टॉप' लिहून पाठवायचं. मग कंपनीला फोन करून सांगायचं, पैसे कापणाऱ्या असल्या सेवा ह्या नंबरावर कायमच्या बंद करा म्हणून. त्याला बॅलन्ससुद्धा लागत नाही."

"हे कधी कळलं तुला?"

"…दुसऱ्याच दिवशी."

"मग?"

रेवणनं मान खाली घातली.

"सकाळी दहाला तो मेसेज येतो, बुवा. कुणीतरी म्हणतं, रेवण, तू पहिला. सहा वर्षं झाली मला इथं. तुम्ही एकदा तरी म्हणालात? तो दगडू दर शब्दाला ठेचकाळतो, तुम्ही मान डोलवता. मी वाचतो तेव्हा तुम्ही भिंतीसारखे बसता. मला सहन होत नाही. त्याच्याकडे बघितलं की जेवण जात नाही मला. आज तुमची तारीख घालवली, तीही त्याच्या माथी मारायला निघालो होतो…"



रेवण रडत होता. रडता रडताच त्यानं फोन उचलला, तीन-चार अक्षरं टाइप केली. पाठवायच्या बटणावर अंगठा नेला, आणि तो तिथंच थांबला. आत जुने वीसही मेसेज होते. त्यानं एकदा खालपासून वरपर्यंत सगळे बघून घेतले.

मग दाबलं.

क्षणभरानं फोन वाजला. आपली सेवा बंद करण्यात आली आहे. ह्यात ना अभिनंदन होतं, ना नाव.

लगेच त्यानं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईनं दोनदा विचारलं, सगळ्याच सेवा बंद करायच्या का? तो दोन्ही वेळा "हो" म्हणाला. दुसऱ्या वेळी आवाज जरा बरा होता.

फोन ठेवून तो उठला, दाराशी गेला. दगडूच्या हातातली चप्पल त्यानं काढून घेतली.

"सरक," तो म्हणाला. "माझी जागा आहे."

दगडू सरकला. पण उठला नाही. दोघं शेजारी बसून चपला लावू लागले.

"रेवण," बुवांनी हाक मारली.

"जी."

"पारायणाला पाटावर तू बसायचंस."

रेवणचा हात थबकला.

"ह्या पंचक्रोशीत तुझ्यासारखं वाचणारा नाही," बुवा म्हणाले. "मी सहा वर्षं ऐकतोय. तू पहिला."

सहा वर्षं ज्यांच्यासाठी जीव टाकला, ते शब्द हेच. रेवणनं ते ऐकले. छाती भरून यायला हवी होती. त्यानं दगडूकडे पाहिलं. दगडू तोंडभरून हसत होता, अगदी मनापासून. त्यानं बुवांकडे पाहिलं. त्या पांढुरक्या डोळ्यांत काहीच वाचता येईना. नुसतं समजूत घालायला तर म्हणत नसतील? आपण रडलो म्हणून? की उद्या आणखी कुणाला हेच म्हणतील?

त्याला राहवेना.

"खरंच, बुवा?" त्यानं विचारलं. "की आपलं मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

बुवांनी दाराच्या दिशेनं तोंड वळवलं…

"त्या मेसेजला कधी विचारलं होतंस असं?"