गोलापुढची टिटवी

रानात माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. नदीच्या दोन्ही तीरांवरचे प्राणी दर हिवाळ्यात वेलींच्या चेंडूने फुटबॉल खेळत आणि जिंकणाऱ्यांना मधलं कुरण वर्षभर मिळे. अलीकडच्या संघाचा म्होरक्या होता भैरू गवा. त्याचे गडी चार गोल करत आणि पाच खात. तीन वर्षं कुरण गेलं होतं.

"गोलापुढे माझ्यासारखा आणखी एक धिप्पाड गडी हवा," त्याचा धाकटा भाऊ म्हणायचा.

चैत्रात चरता चरता भैरूसमोर एक टिटवी पंख पसरून उभी राहिली. तिने असा कल्ला केला, की एवढा गवा दोन पावलं मागे सरला. तिच्यामागे तिची अंडी होती.

"बाई, आमच्या संघात येता का?"

"मला चेंडू मारता येत नाही."

"मारणारे ढीगभर आहेत. मला राखणारं हवंय."

"पिल्लं उडती झाली की येईन," टिटवी म्हणाली.

भैरूने भावाला गोलापुढून काढून पुढच्या फळीत धाडलं. भाऊ फुरंगटला. पण सामन्यात टिटवीच्या हाकेसरशी गडी जागच्या जागी पोचू लागले. "साळिंदरभाऊ, डावीकडे!" शेवटी पलीकडची नीलगाय चेंडू घेऊन सुसाट आली. टिटवी तिच्या वाटेत पंख फुलवून उभी राहिली. नीलगाय बिचकली, तेवढ्यात साळिंदराने चेंडू काढून भावाकडे लाथाडला आणि भावाने सामन्यातला एकुलता एक गोल केला.

भावाने टिटवीला शिंगावर बसवून कुरणाला फेरी घातली. मागून भैरू छाती काढून चालत होता आणि दिसेल त्याला सांगत होता, "ही आमची!"