चौथी रेघ

"...पण फायनलमधून माझं नाव काढलं कुणी, सर?"

निजाम शिकलगार सरांनी पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

"मी."

प्रांजल मोहितेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. काठमांडूच्या त्या हॉलमध्ये बारा देशांची मुलं जमली होती. विट्याच्या शिकलगार सरांच्या कराटे क्लासमधून चौघं आली होती. तिघं पहिल्याच फेरीत गारद झाली. पत्र्याच्या शेडमध्ये शिकलेली प्रांजल तेवढी थेट फायनलला पोचली. आणि आता समोरच्या फलकावर तिच्या नावावर आडवी काट होती.

ती भडकली. सकाळपासून तीन लढती जिंकल्या, सेमीफायनलला श्रीलंकेच्या मुलीला पाच-चारनं हरवलं, पंचांची एकही ताकीद घेतली नाही, सगळं तिनं मोजून ऐकवलं. इथवर आणून मागे ओढायचं होतं तर आणलंत कशाला, असंही बोलून गेली. क्लासमध्ये तिची मान ताठच असायची, पण सरांपुढे असा आवाज तिनं कधी चढवला नव्हता.

सरांनी तिच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"मला काहीसुद्धा झालेलं नाही," ती म्हणाली.

"सेमीफायनलचा शेवटचा गुण कसा घेतलास?"

हा काय प्रश्न झाला? तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं...

समोरच्या मुलीचा पाय वर येताना दिसला. त्यानंतर एकदम ही खुर्ची. मधलं काहीच नाही.

"ठोसा... ठोसाच असणार."

"लाथ होती. डोक्यापर्यंत गेलेली. दोन-चारनं मागं होतीस, त्या लाथेचे तुला तीन गुण मिळाले."

"खेळाच्या भरात विसरतं माणूस. पाच-चार तर आठवतंय ना मला."

"ते मी सांगितलं तुला. गळ्यातलं कार्ड उलटं कर."

तिनं स्पर्धेचं ओळखपत्र उलटं केलं. मागच्या कोऱ्या बाजूवर निळ्या पेनानं लिहिलं होतं: 'कानशिलावर लाथ बसली. तरी ५-४ ने जिंकले. नाव सरांनी काढलं. डॉक्टर येतायत. परत विचारायचं नाही.'

अक्षर तिचं होतं. 'ज'ची ती लांब शेपटीसुद्धा तिचीच.

खाली तीन उभ्या रेघा होत्या.

"या कसल्या?"

सरांनी खिशातलं पेन काढलं आणि शेजारी चौथी रेघ ओढली.

"जितक्यांदा विचारलंस, तितक्या."

हे आपण लिहिलं कधी? प्रांजलनं उजव्या हाताकडे पाहिलं. बोटाला निळी शाई लागलेली होती. तो हात दुसऱ्याच कुणाचा तरी असावा, तशी ती त्याच्याकडे बघत राहिली.

डॉक्टरीणबाई आल्या. डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, गावाचं नाव विचारलं, वार विचारला. गाव तिनं बरोबर सांगितलं. वार काही केल्या आठवेना. लगेच इस्पितळात न्यायला हवं, असं डॉक्टरीणबाईंनी सरांना हिंदीत सांगितलं. याच जागी आणखी एक फटका बसला असता तर जिवावर बेतलं असतं, असंही म्हणाल्या.

तिकडे मॅटवर फायनलला आलेली इंडोनेशियाची मुलगी एकटीच उभी होती. पंचांनी तिचा हात वर केला. टाळ्या वाजल्या. मघाचा राग आता प्रांजलला शोधूनही सापडेना. नुसती भीती उरली होती.

स्ट्रेचर आलं. तिला आडवं केलं. सर शेजारून चालू लागले.

"तुम्ही वाचवलंत मला," ती हळूच म्हणाली.

सरांनी तिच्या अंगावरची चादर वर ओढली.

दारापर्यंत पोचेपर्यंत तिला एक गोष्ट सुचली, आणि सुचताच ती दचकली. सेमीफायनलला सर कोचच्या खुर्चीवर होते. मॅटच्या अगदी कडेला.

"लाथ बसली तेव्हा तुम्ही बघत होता?"

"बघत होतो."

"उठताना मी झोकांडले असेन..."

"दोनदा. पंचांनी विचारलं तेव्हा ठीक आहे म्हणालीस. माझ्याकडे न बघता, दुसरीकडेच बघून."

"किती वेळ उरला होता?"

"चाळीस सेकंद."

बाहेर रुग्णवाहिकेची दारं उघडली. प्रांजलनं सरांची बाही धरली.

"मग तेव्हाच का नाही थांबवलं, सर?"

सरांनी तिच्या मुठीतून बाही सोडवून घेतली नाही.

"तेव्हा मलाही जिंकायचं होतं."