अर्ध्यावरून परतणारी मोट

विहिरींवर इंजिनं यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. एका गावात एक मोटकरी राहायचा. मोट म्हणजे विहिरीतून पाणी काढायची कातड्याची भली मोठी पिशवी. बैल उतारावरून पुढं गेले की ती भरून वर यायची, मागं आले की पुन्हा खाली जायची. या मोटकऱ्याचे बैल चाबकावर नाही, गाण्यावर चालायचे. ओळ सुरू झाली की पुढं, ओळ संपली की मागं.

एके दिवशी मोटकऱ्याला अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली. वैद्यबुवा म्हणाले, "जीभ जड झालीय. माझ्याकडं याला औषध नाही."

मग गाव लोटलं. जो येई तो म्हणे, "म्हण, पाणी. म्हण, भाकरी." बिचारा घामाघूम होई, पण शब्द काही फुटेना. शेवटी त्यानं भिंतीकडं तोंड केलं आणि जेवणच टाकलं.

त्याची बायको ठकूबाई मोठी जिद्दीची. तिनं दारात उभं राहून सांगितलं, "आजपासून यांना कुणी बोलायला लावायचं नाही. उद्यापासून मोट मी हाकणार, हे समोर बसतील."

शेजारीण म्हणाली, "अगं, तुला गाता कुठं येतं?"

"नाही येत. म्हणून काय मळा वाळू देऊ, की माणूस?"

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला धरून नेऊन उंबराखाली बसवलं आणि गायला लागली. आवाज फाटका, दम तोकडा. मोट अर्ध्यावर आली आणि ओळ तुटली. बैलांना वाटलं, संपलं गाणं. ते मुकाट मागं सरले आणि भरली मोट परत विहिरीत गेली. पाणवठ्यावरच्या बाया पोट धरून हसल्या. मोटकऱ्यानं तर उपरणं कानांवर ओढलं.

ठकूबाईनं ते पाहिलं. भिंतीकडं तोंड करून पडलेला माणूस निदान वैतागला तरी! तिला बरं वाटलं. ती रोज येऊ लागली, रोज चुकू लागली आणि रोज हसूही झेलू लागली.

आठ दिवसांनी मोटकऱ्याची टाच जमिनीवर ठेका धरू लागली. महिन्याभरानं अशीच मोट अर्ध्यावर आली, ठकूबाईचा दम सरला, बैल मागं सरणार, तोच उंबराखालून घोगरी ओळ आली, "चल रं हरण्या, मळा तहानला..."

मोट वर येऊन रिती होईपर्यंत त्यानं ती ओळ सोडली नाही. ठकूबाईच्या डोळ्यांना धार लागली, पण तिनं कासरा सोडला नाही. लगेच पुढची ओळ धरली.

मग घरातही सगळं मोटेच्या चालीवर सुरू झालं. "भाकर वाढू का" तिनं गाऊन विचारायचं, "वाढ की" त्यानं गाऊन सांगायचं. असं करता करता उन्हाळा सरला, आणि एका सकाळी तो बिनचालीचं, साधं बोलला, "तू घरीच थांब. मोटेवर मी जातो. बैल पार बिघडवलेस तू."

त्या दिवशी ठकूबाई पोटभर हसली.

तात्पर्य एवढंच: औषध हरतं तिथं आवडीचं गाणं पोचतं, फक्त लाज सोडून ते रोज गाणारं कुणीतरी हवं.