हंड्यात कोंडलेला शब्द

एका राज्यात कीर्तिध्वज नावाचा राजा होता. त्याच्या दरबारचा नेम मोठा कडक: एक माणूस, एक काम. पंखेवाल्याने पंखाच हलवायचा. राजा समोर घसरून पडला तरी हात द्यायचा नाही. अशा या राजाला एके सकाळी उंबऱ्याची ठेच लागली.

राजा विव्हळला, मग संतापला. "ठेच लागते, तहान लागते, नजरही लागते! शब्द एक आणि कामे चाळीस? हा आमच्या नेमाचा अपमान आहे!"

त्याने जटाल मांत्रिकाला बोलावले. जटालाने मंत्र म्हणून तो शब्द तांब्याच्या हंड्यात कोंडला आणि तोंडावर लाखेची मोहोर केली. त्याचे एकच काम तेवढे बाहेर ठेवले: परवानगी लागेल. कारभार चालायला नको का?

पहिल्या दिवशी लोक खूश झाले. कोणाला उचकी लागेना, दूध तळाला लागेना. दुसऱ्या दिवशी चुलीला जाळ लागेना, दाराला कडी लागेना. तिसऱ्या दिवशी कोणाला झोप लागेना, भूक लागेना. राजाला मात्र सगळे ठीकच वाटत होते, कारण त्याला सांगायला कोणी जाऊच शकत नव्हते. परवानगी लागे!

गावात भिवरा नावाची तेलीण होती. तिचे बाळ तीन महिन्यांचे. ते भुकेने रडेना, दूध ओठांवरून ओघळून जाई. पाचव्या दिवशी त्याचे मनगट तिच्या बोटाएवढे झाले, तेव्हा तिने बाळ पाठीशी बांधले आणि तडक निघाली. छपरावरची साळुंकी म्हणाली, "बाई, तो हंडा घणाने फुटायचा नाही. शब्दानेच फुटेल."

जटाल दरबाराच्या दाराबाहेर हंड्याशेजारी लोडाला टेकून बसला होता.

"हंडा उघड," भिवरा म्हणाली.

"परवानगी लागेल. परवानगीसाठी तीन वस्तू. वाघिणीचे दूध, नागाचा मणी, आणि अथांग डोहाच्या तळचे कमळ."

भिवरा रानात गेली. वाघिणीची भूक मेलेली. तिने जांभई दिली आणि मुकाट दूध काढू दिले. नाग तीन रात्री जागा होता. तो म्हणाला, "ने हा मणी, बाई. याचा उजेड डोळ्यांत खुपतो. एकदा निजू दे मला." मग बाळाला काठावर ठेवून ती डोहात उतरली. खाली गेली, आणखी खाली गेली, पण तळ काही लागेना. छाती फुटायची वेळ आली, तेव्हा वर आली.

काठावर साळुंकी बसली होती. "तळ लागेल कसा? तो शब्दच हंड्यात आहे."

भिवराच्या अंगाचा तिळपापड झाला. मूल मरणाच्या दारात, आणि हा मेला खेळ खेळतो! बाळ पुन्हा पाठीशी बांधून ओल्या लुगड्याने ती दरबारात घुसली. भालदार आडवा आला, "परवानगी लागेल." तिने त्याला ढकलून पाडले. त्याचे काम अडवण्याचे; पडल्यावर उठण्याचे काम दुसऱ्याचे होते, म्हणून तो पडूनच राहिला.

जटाल मागोमाग धावत येऊन ओरडला, "कमळ कुठे आहे?"

तिने त्याच्याकडे पाहिलेही नाही. पाठीवरून बाळ सोडून तिने राजासमोर धरले.

"महाराज, हे बाळ तुमची रयत. रडायचेही विसरले आहे. एवढेच विचारते. तुम्ही एवढे होता आणि भुकेने रडलात, तेव्हा तुमच्या आईने तुम्हाला पाजायला कोणाची परवानगी घेतली होती?"

राजाने त्या बारीक मनगटाकडे पाहिले. त्याच्या आईला जाऊन वर्षे झाली होती. त्याची मान खाली गेली, डोळे भरले.

ते बोलणे राजाच्या मनाला लागले.

त्याच क्षणी हंडा तडकला. राज्यभर दिवे लागले, चुलींना जाळ लागला, रानातल्या नागाला गाढ झोप लागली. जटालाला जी उचकी लागली ती सात दिवस थांबली नाही. त्याला एकही मंत्र धड म्हणता येईना. राजा सिंहासनावरून उतरला आणि भालदाराला त्याने स्वतः हात देऊन उठवले. नेम तिथेच मोडला.

आणि भिवराचे बाळ रडू लागले. असा टाहो फोडून, की खांबावरचे पारवे उडाले.

"भूक लागली गं माझ्या राजाला!" म्हणत भिवरा भर दरबारात खाली बसली, पदर ओढला आणि बाळाला पाजायला घेतले. तिने कोणालाही विचारले नाही.