मेलेला माणूस पूल दाखवत नाही

टेहळ्याला भित्रा म्हणणाऱ्यांनी शत्रूची छावणी स्वतः कधी पाहिलेलीच नसते!

ऑस्ट्रियाच्या फौजेतला मिक्लोश हा हुसार, म्हणजे टेहळणी करणारा हलका घोडेस्वार. तो नदीपलीकडून दौडत परतला, तेव्हा चिलखती घोडदळाचे सेनापती लाइटनर मिशांना पीळ भरत उभे होते.

"लढलास?"

"नाही, सेनापतीसाहेब. शत्रू बघितला आणि परत आलो."

"पळपुट्या! माझे चिलखती गडी तिथंच लढून मेले असते. घाला रे याला गोळी!"

बंदुका उचलल्या गेल्या. तेवढ्यात सेनापतींना काहीतरी आठवलं.

"थांबा. आमच्या अवजड घोड्यांचं वजन कोणता पूल पेलेल, ते आधी सांग."

"ते कसं सांगू, साहेब? तुमच्या मनासारखा वागलो असतो, तर मी आत्ता पलीकडे मरून पडलो असतो. मेलेला माणूस पूल दाखवत नाही."

सेनापतींनी हातानंच बंदुका खाली करायला लावल्या.

मग मिक्लोशनं सांगितलं, "गिरणीजवळचा दगडी पूल भक्कम आहे. लाकडी पूल शत्रूनं अर्धा कापून ठेवलाय."

मागचा एक जाडजूड चिलखती स्वार घाम पुसत म्हणाला, "वाचलो बाबा! एवढं लोखंड अंगावर घेऊन मला पोहता येत नाही."